रक्षाविसर्जनाचे पाहुणे

बालीला जाऊन आलेल्या माणसाच्या डोक्यात पुढं काय शिरेल याचा नेम नसतो. विश्वजितच्या डोक्यात असं शिरलं, की कोल्हापूरजवळच्या आपल्या गडमुडशिंगीतच एक बाली उभी करायची. क्रांतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तेव्हाच ठाम नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. म्हणून पुढं जेव्हा तिला सगळ्यांची किळस आली, तेव्हा त्यात स्वतःची किळसही चांगली मापटंभर होती.

दोन वर्षांमागं दोघं उबुदला गेली होती. बालीला जाणारी सगळी दुनिया उबुदला जाते, म्हणून हीही गेली. पहिले दोन दिवस रांगेतच गेले. झोपाळ्यावर फोटो काढायला रांग, दगडी कमानीखाली उभं राहायला रांग, आणि भाताच्या खाचरात हात पसरून हसायलाही रांग. जिच्या बापाची चार एकर जमीन कुरुंदवाडला नदीकाठी आहे, त्या बाईनं परदेशात जाऊन चिखलाच्या बांधावर उभं राहायला तासभर थांबायचं, हे क्रांतीला फारच झालं. विश्वजितचंही डोकं फिरलं. "ह्ये बघायला आलोय व्हय आपण? खरी बाली कुठं हाय?" असं तो बायकोला मराठीत आणि गाडी चालवणाऱ्या केतुतला मोडक्या इंग्रजीत विचारत राहिला.

तिसऱ्या दिवशी केतुतनं त्यांना गर्दी टाळून आतल्या रस्त्यानं एका खेड्यात नेलं. दोन्ही बाजूंना भात, मधूनच नारळ, अंगणात बसून नारळीच्या पानांच्या चिमुकल्या परड्या विणणाऱ्या बायका. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी काही विकत नव्हतं. क्रांतीला तिथं खरोखर बरं वाटलं. तिथंच एखाद्या पायरीवर दिवसभर बसावं आणि मुकाट्यानं परत यावं, इतकंच करायला हवं होतं. पण त्या दिवशी गावात एका म्हातारीचा अंत्यविधी होता, आणि केतुतनं दोघांच्या कमरेला लुंग्या गुंडाळून त्यांना थेट तिथं नेऊन उभं केलं.

रंगीत कागदांचा उंच मनोरा, लाकडाचा बैल, वाजणाऱ्या झांजा. विश्वजित पार हरखून गेला. म्हातारीची मुलगी दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा पेला आणि खाऊचा पुडा देत होती. ती क्रांतीच्याच वयाची असेल. तिनं यांनाही पुडा दिला. आता कोल्हापूरच्या माणसानं मयताच्या घरी खायचं कसं? दोघांनी पुडे गाडीत सीटखाली सरकवून दिले आणि आपण सुतक पाळलं असं समजले. पण त्याच मुलीसोबत फोटो काढायला मात्र त्यांना काही वाटलं नाही. क्रांतीनंच मोबाईल पुढं केला होता. मुलगी उभी राहिली, हसलीसुद्धा. परत आल्यावर विश्वजित जो भेटेल त्याला सांगायचा, "झोपाळं-बिपाळं समदी बघत्यात. आमी खरी बाली बघितली."

त्याच खरेपणाचं त्यानं दुकान मांडलं. गडमुडशिंगीतल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी शेणानं सारवून घेतल्या. खाली फरशी होती, तिच्यावर सारवलं. गॅस मागच्या बाजूला गेला आणि पुढं चूल आली. पुण्याबंगळूरचे पाहुणे आले की क्रांतीनं नऊवारी नेसायची, चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि धुरानं डोळे भरले की हसायचं. एरवी ती पंजाबी ड्रेसवर शाळेत शिकवायला जायची. एका पाहुणीनं तर तिला विचारलं होतं, तुम्हाला लिहिता-वाचता येतं का. विश्वजितनं मागून डोळ्यांनी खूण केली, आणि क्रांती "थोडं थोडं" म्हणाली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊवारीच्या निऱ्या सेफ्टी पिनांनी नीट बसवल्या, हेही खरं.

अशातच कुरुंदवाडहून भावाचा, उदयसिंहचा फोन आला. तिचे वडील, आबा गेले. हंबीररावांचं वय झालं होतं, पण दुखणं असं काही नव्हतं. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले आणि बसल्या बसल्याच गेले.

अंत्यविधी उरकला. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं, आणि विश्वजितकडं नेमके त्याच दिवशी बंगळूरचे तिघं पाहुणे उतरलेले होते. एक गोल टोपीवाला, एक त्याचा मित्र आणि एक कुरळ्या केसांची मुलगी. विश्वजित त्यांना काय बोलला देव जाणे. सकाळी क्रांती माहेरच्या दारात उभी होती, तर नवऱ्याच्या गाडीतून तो उतरला आणि मागून हे तिघं उतरले. तिघांनी पांढरेशुभ्र नवे सदरे घातले होते. मुलीच्या सदऱ्याला मागं किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती.

क्रांतीनं नवऱ्याला बाजूला घेतलं. "ह्यास्नी कशाला आणलंय?"

"त्यांनीच इचारलं गं. लांब हुबं ऱ्हातील. आवाज करणार न्हाईत," विश्वजित म्हणाला. "आणि आपण न्हवतो गेलो उबुदला? त्यांनी आपल्याला हाकललं काय?"

क्रांतीला उबुदचा तो फोटो आठवला. आणि खरं सांगायचं तर बोलून उपयोगही नव्हता. लग्नाचं आमंत्रण लागतं, मयताला आमंत्रण लागत नाही. मयताला आलेल्या माणसाला आमच्याकडं कुणी परत फिरवत नाही, मग तो वैरी का असेना. त्यातून हे जावयानं आणलेले. उदयसिंहनं एकदा त्या तिघांकडं बघितलं, एकदा बहिणीकडं बघितलं, आणि "चला पावणं" म्हणून पुढं झाला. जावयाला बोलायचं नाही, एवढं एकच त्याला बापानं शिकवलं होतं की काय कोण जाणे.

निघताना आई दारापर्यंत सरकत आली. तानाबाईचं खुब्याचं हाड वर्षामागं मोडलं होतं, नदीपर्यंत जाणं तिला शक्य नव्हतं. तीन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. तिनं क्रांतीचा हात धरला. "कावळा शिवला की मला येऊन सांग. तवर मी घास घालायचो न्हाय तोंडात," ती म्हणाली. "लगीच शिवंल. त्यांचं काय राहिल्यालं न्हाय."

कुरुंदवाडच्या नदीकाठच्या कावळ्यांना काय कमी? रोज कुणाचं ना कुणाचं पान मांडलेलं. ते इतके सोकावलेले आहेत, की पान खाली ठेवायच्या आधीच हातावर झडप घालतात. त्या सकाळीही पिंपळावर तीस-चाळीस तरी बसले होते. भटजींनी पिंड मांडला. शेजारी आबांच्या आवडीचं मांडलं: भरलं वांगं, कांदाभजी, वाडीचा पेढा आणि त्यांची तंबाखूची चंची. माणसं मागं सरली आणि हात जोडून उभी राहिली.

तेवढ्यात डोक्यावर गुणगुण सुरू झाली. क्रांतीनं वर बघितलं. टोपीवाल्यानं ड्रोन उडवला होता. चार पंखांचं ते काळं यंत्र पिंपळाच्या शेंड्यापर्यंत गेलं, तिथं थबकलं, मग फांद्यांभोवती एक फेरी मारून नदीकडं वळलं. पिंपळावरचे सगळे कावळे एकदम उठले, दोन घिरट्या घालून कलकलाट केला, आणि पलीकडच्या काठाला निघून गेले. पिंपळ रिकामा झाला.

लोक वाट बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग जे नेहमी होतं ते सुरू झालं. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याचं काहीतरी मागं राहिलंय, म्हणून एकेकजण पुढं होऊन शब्द देऊ लागला. उदयसिंह म्हणाला, "आबा, आयला मी काय कमी पडू देत न्हाय." एक चुलतभाऊ म्हणाला, "आबा, बांधाचं भांडण मी आजच्या आज मिटवतो." आबांचे जुने दोस्त दिलदारभाई काठी टेकत पुढं आले आणि म्हणाले, "हंबीरराव, तुमची सायकल माझ्या दुकानात हाय. ती मी कुणाला इकायचो न्हाय. जावा आता निवांत." माणसं हुंदके देऊ लागली. आणि वर ते यंत्र गुणगुणत होतं.

क्रांती नवऱ्यापाशी गेली. "ते खाली घ्यायला सांगा. कावळं त्येच्यामुळं पळाल्यात."

"पाचच मिण्टं," विश्वजित म्हणाला. "नदीवरनं एकच घेतोय त्यो. लांबनं आल्यात गं."

"माझा बाप हाय त्यो."

"म्हणून तर म्हणतोय, चांगलं टिपून राहू दे की. आबांची आठवण ऱ्हाईल."

तिला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. चाळीस माणसं मागं उभी होती, आणि मयतात नवरा-बायकोनं तमाशा करायचा म्हणजे आबांच्या नावाला बट्टा. तिनं दात आवळले. त्या टोपीवाल्याची जेवढी शिसारी आली त्याहून जास्त शिसारी तिला त्या माणसाची आली, जो बारा वर्षं तिच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवत होता.

यंत्र खाली आलं तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. कावळे काही परत आले नाहीत. ऊन चढलं. म्हातारी माणसं खाली बसली. शेवटी भटजींनी उदयसिंहकडं बघितलं, त्यानं मान हलवली, आणि भटजींनी दर्भाच्या चार काड्या वळून त्यांचा कावळा केला. काहीच होईना की असा गवताचा कावळा पिंडाला शिववतात आणि माणसं मोकळी होतात. त्यात आनंद कुणालाच नसतो. सगळे खाली बघत उभे असतात. त्यांनी तसा तो शिववला, आणि कुरळ्या केसांच्या मुलीनं एक गुडघा टेकून, अगदी जवळून, भटजींच्या हातासकट तो मोबाईलमध्ये टिपला. तिचे डोळे भरले होते. "मी आयुष्यात इतकं अस्सल काही बघितलं नाही," ती इंग्रजीत मित्राला म्हणाली. क्रांतीला इंग्रजी कळतं हे तिला ठाऊक नव्हतं.

नदीवरून निघताना उदयसिंहनं सगळ्यांना बजावलं. "घरात आयम्होरं कुणी काय बोलायचं न्हाय. कावळा शिवला, एवढंच."

रक्षाविसर्जनाची माणसं निरोप न घेता तिथूनच आपापल्या वाटेनं जातात. घरी परतली ती घरचीच पाच-सात माणसं, आणि ते तिघं. तानाबाई भिंतीला टेकून बसली होती. क्रांती तिच्यापुढं जाऊन बसली.

"शिवला?"

"शिवला की," क्रांती म्हणाली. "पान ठेवल्या ठेवल्या."

म्हातारीनं उदयसिंहकडं बघितलं. त्यानं मान हलवली. तानाबाईनं एक लांब श्वास सोडला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण ढिला झाला. "मी म्हणालोच हुतो," ती म्हणाली. "वाढ मला थोडं." शेजारणीनं आणलेला भात होता. क्रांतीनं ताट वाढलं. खोटं बोलल्याचं तिला त्या क्षणी काही वाटलं नाही. आई जेवते आहे, एवढंच तिला दिसत होतं.

म्हातारीनं घास कालवला, आणि कुरळ्या केसांची मुलगी येऊन तिच्याजवळ मांडी घालून बसली. वाईट हेतू तिचा काहीच नव्हता, उलट फार दयाळू होती. एवढ्या वयाच्या बाईला नवऱ्याच्या शेवटच्या विधीला जाता आलं नाही, हे तिला विश्वजितकडून कळलं होतं. तिनं तानाबाईचा हात हातात घेतला, मोबाईल काढला आणि चित्रण सुरू करून म्हातारीच्या पुढ्यात धरलं. क्रांती पाण्याचा तांब्या भरायला उठली होती. ती वळेपर्यंत म्हातारीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला होता.

नदी दिसली. पिंड दिसला, चंची दिसली. मग भटजींचा हात आला, आणि हातात ते वळलेलं गवत.

तानाबाईनं मोबाईल खाली ठेवला. कालवलेला घास ताटातच राहिला.

"दर्भाचा केला व्हय," ती म्हणाली.

मुलीला काही कळलं नाही, ती म्हातारीचा हात कुरवाळत राहिली. तानाबाई भिंतीकडं बघत बोलू लागली. "त्या दिशी सकाळी त्यांनी च्या मागितलाता. दूध आलं न्हवतं. थांबा की जरा म्हणालो मी. चिडून म्हणालो. मग दूध आलं, च्या केला, टोस घेतला, आणि घिऊन गेलो तर मान कलंडल्याली. तेच राहिलं. माझ्या हातचा च्या राहिला त्यांचा."

हे तिनं तीन दिवसांत कुणालाही सांगितलं नव्हतं. कावळा शिवेपर्यंत अन्न का नको होतं, ते क्रांतीला आता कळलं. ती आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "आये, आबांचं काय बी राहिल्यालं न्हवतं. ह्या पावण्यांनी यंत्र उडवलं वर. त्येला बिचकून कावळं पळालं. झाडावर ढीगभर कावळं हुतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ह्यांनी आणल्याल्या माणसांनी घालवलं."

तानाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "मघाशी शिवला म्हणालीस. आता ह्ये म्हणतीस."

"मघाशी खोटं बोललो मी. ह्ये खरं हाय."

"उदय बी मघा मान हलवत हुता." म्हातारीच्या आवाजात राग नव्हता. "आमी बी सासूबायला असंच सांगितलंतं, मामंजी गेलं तवा. तिनं बी न्हाय इस्वास ठेवला. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलतीस तू. कळतंय मला."

"आक्का म्हणतीया तसंच झालंय, आये," उदयसिंह म्हणाला. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं मान वळवून जावयाकडं बघितलं. विश्वजित दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तिच्या देखत तो आजवर एक शब्द खोटं बोलला नव्हता, आणि लेकीसारखं तिची समजूत काढायची त्याला गरज नव्हती. घरात एवढ्याच माणसाचा शब्द तिनं मानला असता.

"जावयबापू, तुमी सांगा. यंत्रामुळं कावळं गेलं व्हय?"

क्रांती नवऱ्याकडं बघत राहिली. त्याला फक्त व्हय म्हणायचं होतं. एक शब्द. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं, त्यांच्यापुढं अब्रू जायचाही प्रश्न नव्हता. मेव्हण्यापुढं, भावकीपुढं जरा मान खाली गेली असती, आणि संध्याकाळपर्यंत लोक विसरलेही असते. विश्वजितनं ओठांवरून जीभ फिरवली. त्याची नजर उदयसिंहकडं गेली, मग चुलत्यांकडं गेली.

"तसं काय न्हाय, मामी," तो म्हणाला. "ड्रोन लांब हुता. नदीवर हुता. कावळ्यांचं काय आपल्या हातात असतंय?"

"बघ," तानाबाई लेकीला म्हणाली, अगदी मायेनं.

क्रांतीला उमाळा आला तो रडण्याचा नव्हता. ओकारी येते की काय म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. बघणाऱ्यांना वाटलं, बापासाठी रडते. चुलतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"उदय," तानाबाई म्हणाली, "च्या ठेवायला सांग तुझ्या बायकोला. त्यांच्या कपातनं आण. टोस बी आण." चहा आला. तिनं कप स्वतःच्या हातानं बशीत ठेवला, शेजारी टोस्ट ठेवला, आणि उदयसिंहला अंगणात आबांच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवायला लावला. तिला दोघांनी धरून दारात बसवलं. सगळे बाहेर आले. पाहुणेही आले. आता मात्र टोपीवाल्यानं काही उडवलं नाही, यंत्र पेटीत बंद करून त्यानं गाडीत ठेवलं होतं.

दोन मिनिटंही झाली नसतील. शेजारच्या पत्र्यावरून एक कावळा उतरला. उड्या मारत खुर्चीपर्यंत गेला, मान तिरकी करून माणसांकडं बघितलं, टोस्ट चोचीत धरला आणि कप कलंडवून उडून गेला. चहा जमिनीत जिरला.

अंगणातून एकच सुस्कारा निघाला. चुलत्यांनी हात जोडले. उदयसिंहनंसुद्धा जोडले, खरं काय ते ठाऊक असूनही. "सुटलं आबा," विश्वजित सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि डोळे मिटून त्यानं कपाळाला हात लावला. त्याचा खांदा लागला, तशी क्रांती भिंतीला चिकटून बाजूला सरकली. कुणी काही सांगायला आता जागाच उरली नव्हती. ओरडून सांगितलं असतं तरी आईनं ऐकलं नसतं.

दारात बसलेल्या तानाबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "च्याच राहिलता," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आणि मी थांबा म्हणालो."